ओढ्याला काय ठाऊक फोर बाय फोर

रविवारी रात्री तू पाठवलेला, पाण्यात गाडी घालतानाचा व्हिडिओ मी तीनदा बघितला. पहिल्यांदा कौतुकानं. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, कारण मागची पोरं 'दाब, दाब' म्हणून ओरडत होती. तिसऱ्यांदा मात्र तुझ्याकडं, गाडीकडं न बघता नुसती पाण्याकडं बघत बसले. तुझ्या उजव्या चाकापासून दोन-तीन हातांवर पाण्याला एक घडी पडलेली दिसते. कणकेत बोट दाबल्यावर पडते तशी. बाकीचं पाणी सरळ चाललंय, तिथंच तेवढं आत ओढल्यासारखं वळतंय. खाली खड्डा असल्याशिवाय पाणी असं वळत नाही गं. तू त्याच्या कडेनं गेलीस, आणि तुला ते कळलंही नाही.

रागावायला लिहीत नाही. तू गाडी घेतलीस तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता, आठवतंय ना? आई म्हणाली, "एवढी उंच गाडी, साडीत चढणार कशी?" मी म्हणाले, ती साडी नेसणार कधी ते आधी विचार. तेव्हा मी तुझ्या बाजूनंच आहे. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तुलाच काय, आईलाही नाही. तुझ्या भावजींना माहीत आहे, आणि तुझ्या भाच्याला. तो तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याला आठवत नसावं अशी माझी आशा आहे.

मोहोळ तालुक्यातल्या शेतावरून आम्ही येत होतो. गौरी-गणपती होऊन गेले होते, दुपारभर कडक ऊन होतं आणि वाटेत ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. गुडघ्याच्या खाली दिसत होतं. गाडी मी चालवत होते, हे शेतावर जेवून पेंगलेले. मी थांबले. तेवढ्यात समोरून एक डंपर आला आणि पाणी उडवत आरामात निघून गेला. मी म्हटलं, डंपर गेला म्हणजे रस्ता आहे. गाडीला चारही चाकांना ताकद, मग भ्यायचं कशाला? लिव्हर ओढला आणि घातली.

मधोमध गेल्यावर गाडीची पाठ हलकी झाली. याहून चांगला शब्द मला सापडत नाही. झोपाळा मागं जाऊन क्षणभर थांबतो ना, तसं पोटात झालं. स्टिअरिंग हातात होतं पण त्याला काही वजनच नव्हतं. मागचा भाग हळूच, अगदी सावकाश, खालच्या अंगाला सरकला. आवाज नाही, धक्का नाही. पलीकडच्या काठावर एक धनगर आजोबा मेंढरं थांबवून उभे होते. ते काठी उंच धरून दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं करत होते : मागं, मागं. मी रिव्हर्स टाकला. पुढची चाकं अजून फरशीला टेकलेली होती म्हणून गाडी आली. काठावर येऊन इंजिन बंद केलं आणि मग माझे गुडघे असे थरथरायला लागले की क्लचवरचा पाय उचलेना.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर आम्ही बघायला गेलो. फरशीचा पलीकडचा निम्मा भाग नव्हता. खालच्या अंगाला पाण्यानं माती पोखरून नेली होती आणि तिथं पुरुषभर खोल डोह झाला होता. शेवटचा तुकडा त्या डंपरनंच ढिला केला असणार.

आता तू म्हणशील, अक्का, तुझी गाडी जुनी होती, माझी नवी आहे. बरं, तुझ्याच गाडीचा हिशोब करू. तुझ्या थारच्या माहितीपत्रकात पाण्यातून जायची खोली ६५० मिलिमीटर लिहिलेली असते, फोर्सच्या गुरखा गाडीची ७००. उभी राहून टेप लाव. ६५० म्हणजे तुझ्या गुडघ्याच्या वर, अर्ध्या मांडीपर्यंत. हा आकडा कसल्या पाण्यातला? उभ्या पाण्यातला, सपाट तळावरचा, सावकाश चालवतानाचा. वाहत्या ओढ्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. तू वेगानं घुसलीस की बोनेटसमोर लाट उठते ती वेगळी. तुमच्या व्हिडिओतलं सगळ्यांत भारी दृश्य तेच आहे, आणि त्या दृश्यात तुझा ६५०चा आकडा कधीच मागं पडलेला आहे.

दुसरा हिशोब अजून सोपा. गाडी साधारण चार मीटर लांब, पावणेदोन-एक मीटर रुंद. म्हणजे सात चौरस मीटरचा तळ. हा तळ बुडाल्यावर पाणी दर दहा सेंटीमीटरला सातशे किलो वर उचलतं. तुझी गाडी पावणेदोन टनांची धर. कर भागाकार. तळाच्या वर वीतभर पाणी चढलं, आणि ते अजून आत शिरलेलं नसलं, की गाडी तरंगायला लागते. दारांचे रबर जितके चांगले, गाडी जितकी नवी, तितकी ती होडीसारखी वागते! माझ्या खटाऱ्यात पाणी शिरत होतं, म्हणून ती थोडी जड राहिली असं हे अजून म्हणतात. आणि तरंगणाऱ्या गाडीला फोर बाय फोर असून उपयोग काय? चाक जमिनीला टेकलं तर पकडणार. चार शून्यांची बेरीज शून्यच.

अमेरिकेचं हवामान खातं तिथल्या लोकांना सांगतं की फूटभर वाहतं पाणी बहुतेक मोटारींना वाहून नेतं आणि दोन फूट पाणी मोठ्या एसयूव्हींनाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे तू शाळेत शिकलेली आहेस. मीही शिकले होते. ओढ्यात आठवलं नाही.

आपल्याकडची गोम अशी, की आपलं पाणी आपल्या पावसाचं नसतं. कोकणातल्या माणसाला वर काळं आभाळ दिसतं, तो सावध होतो. आपण सोलापूरकर कोरड्या आभाळाखाली उभे असतो आणि नदी वाढत असते. सीना उगम पावते अहिल्यानगरकडं. भीमेत उजनीतून सोडलेलं पाणी येतं, वीर धरणातून सोडलेलं नीरेचं पाणी येतं, दोन्ही नरसिंहपूरच्या संगमाला एक होतात आणि मग पंढरपुरात चंद्रभागेचा दगडी पूल पाण्याखाली जातो. पंढरपुरात त्या दिवशी ऊन असू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं काय केलं ते तू स्वतः बघितलंस. लांबोटीला पुणे हायवे थांबला, वडकबाळला विजापूरचा रस्ता थांबला. हायवेचे उंच पूल जिथं बंद करावे लागले, तिथं आपल्या ओढ्याच्या फरशीचं काय घेऊन बसलीस! ओढ्याला तर धरणाचा भोंगाही नाही. वरच्या शिवारात तासभर कोसळला की दहा मिनिटांत घोट्याचं पाणी कमरेला येतं.

तुमचा ऑफ-रोडचा ग्रुप पुढच्या महिन्यात हत्तरसंग कुडलला जाणार असं लिहिलंयस. जरूर जा. संगमेश्वराच्या देवळातला तो शिलालेख बघा, शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि आपल्यातले निम्मे लोक तिथं फक्त फोटो काढायला जातात. पण भीमा आणि सीना मिळतात त्या पात्रात गाडी उतरवायची नाही. आपल्या नद्यांच्या पात्रातून वाळू उपसून उपसून तळाची चाळण झालीय. इथं घोट्याएवढं पाणी, पुढच्या पावलाला डोक्यावर. उन्हाळ्यात ज्या वाटेनं तुमचा पुढारी पलीकडं गेला होता, ती वाट एका पुरात बदलते. आणि खड्ड्यात नुसता गाळ भरलेला असला तर वरून तो पक्का दिसतो, साय धरल्यासारखा. केटी बंधाऱ्यावरूनही नको. बर्गे काढलेले असोत वा घातलेले, वरून पाणी चाललं असेल तर कठडा कुठं संपतो ते तुला दिसणार नाही.

उतरायचंच असेल, तर आधी स्वतः पायी. हातात काठी, कमरेला दोर, दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. उभं पाणी असेल तरच हं. पाणी पायाला ओढत असेल, किंवा तुला पायी जायची भीती वाटली, तर उत्तर मिळालं. तिथं गाडी घालायची नाही.

इंजिनाचं सांगते. हवा ओढायचं तोंड बोनेटखाली वरच्या बाजूला असतं. तिथून पाणी आत गेलं की ते सिलिंडरात जातं. पिस्टन हवेला दाबू शकतो, पाण्याला दाबू शकत नाही. मग वाकतं काय, तर कनेक्टिंग रॉड. डिझेल इंजिनात दाब जास्त, म्हणून मोडतोडही जास्त. पाण्यात गाडी बंद पडली की आपला हात आपोआप स्टार्टरकडं जातो. तो हात मांडीखाली दाबून ठेव. तेव्हा कदाचित नुसतं पाणी शिरलेलं असतं, चावी फिरवल्यावर इंजिन जातं. विम्याचंही तिथंच अडतं. साध्या पॉलिसीत पाण्यानं असं इंजिन गेलं तर भरपाई सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं. आणि तरीही पाण्यात पुन्हा स्टार्ट मारला म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. तुझी पॉलिसी काढ आणि नीट वाच. ऑफ-रोडच्या चढाओढींबद्दल त्यात काय लिहिलंय तेही.

स्नॉर्कल लावणार म्हणालीस. लाव, पण त्यानं श्वास फक्त इंजिनाचा उंच होतो. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वरून काही कळत नाही. आठ-दहा दिवसांनी डिफरन्शियलचं ऑइल काढलं की दूध घातलेल्या चहासारखं निघतं. म्हणून पाण्यातून आलीस की त्याच आठवड्यात गॅरेजमध्ये ऑइल उघडून बघायला सांग. बेअरिंग, ब्रेकमधला गाळ, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल, सगळं. आणि पाण्यातून बाहेर पडल्या पडल्या ब्रेक दोन-चारदा हलके दाबत चालव, नाहीतर होटगी रोडच्या पहिल्या सिग्नलला कळेल की ब्रेक लागत नाही.

आता चिखल. यात आपण सोलापूरकरांनी कुणाकडून शिकायची गरज नाही, आपल्या घरच्याच मातीला विचारायचं. आपली काळी माती उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पाऊस पडला की फुगते. वर चार बोटं निसरडं, खाली घट्ट, त्याच्या खाली पुन्हा लोणी. टायरच्या खाचा पहिल्या दहा फुटांतच भरतात, मग तुझ्या त्या महागड्या मड टायरचा नुसता गोळा होतो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात बैलसुद्धा घालत नाही. ओल्या रानात चाक गेलं की माती दबून विटेसारखी होते, पुढच्या ज्वारीला मूळ घालायला जागा राहत नाही. तुमच्या ग्रुपनं मागच्या खेपेला कुणाची तरी पाणंद नांगरल्यासारखी करून ठेवली होती, व्हिडिओत दिसतं ते. त्या माणसाला दूध घेऊन सकाळी सहाला त्याच वाटेनं यायचंय. आणि नान्नजच्या माळाकडं तर फिरकायचंही नाही. ते माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर एखादंच अंडं घालतो, तेही पावसाळ्याच्या सुमारास. चाकाखाली काय आलं हे तुला कळणारसुद्धा नाही.

रुतलीस तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नकोस. चाक जागेवर फिरलं की ते स्वतःची विहीर खणतं. खाली उतर, फावड्यानं चाकापुढचा चिखल काढ, टायरमधली हवा कमी कर, पुढं तुराट्यांची पेंढी किंवा पाचट घाल, वर गोणपाट. मग सावकाश. बहुतेक वेळा निघते.

नाही निघाली की ओढाओढी सुरू होते, आणि मला सगळ्यांत जास्त भीती तिचीच वाटते. पाण्यात माणूस घाबरलेला असतो. चिखलात तो हसत असतो. ओढायचा पट्टा ताणला गेला की त्यात बेचकीच्या रबरासारखा जोर साठतो. तो तुटला, किंवा ज्या हुकाला बांधला तो हुकच उपटला, तर लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो आणि काचेतून आरपार जातो. तुझ्या व्हिडिओत दोन पोरं पट्ट्याच्या अगदी रेषेत मोबाइल धरून उभी आहेत. एक तर पट्टा ओलांडून पलीकडं जातोय. पट्ट्याच्या दीडपट लांबीच्या आत ओढताना कुणी उभं राहायचं नाही. पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटला तरी खाली पडतो. ओढायला गाडीच्या चासीचा हुक. ट्रकवर गाडी लादताना बांधायला दिलेलं कडं नव्हे. आणि ट्रॅक्टर बोलावलात तर साखळी त्याच्या खालच्या हुकालाच बांधा. वर बांधली तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो मागं पलटी होतो, चालवणाऱ्यासकट. मदतीला आलेला माणूस आपल्या हौसेपायी जायला नको.

पाण्यात सापडलीसच, तर पहिलं मिनिट तुझं. सीटचा पट्टा सोड, काच खाली कर, मागं पोरं असतील तर आधी ती, आणि काचेतूनच बाहेर. दार उघडायच्या नादाला लागू नकोस. बाहेर दाराला अर्धा मीटर पाणी असलं तरी त्यावर सव्वाशे किलोचा भार असतो. काचेची मोटर काही वेळ चालते, मग जाते. समोरची काच फुटत नाही, तिच्यात मधे थर असतो. बाजूची फुटते, कोपऱ्यात टोकदार हातोडीनं मारलं तर. ती हातोडी डिकीत ठेवायची नसते, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवायची असते. आणि बाहेर पडलीस की छतावर, गाडीतल्या पर्सचा विचार न करता.

हौशी गाडीवाल्यांचं मी काय सांगू. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलला रस्त्यावरची गर्दी चुकवायला एकानं चंद्रा नदीतून थार घातली, पोलिसांनी चलान फाडलं. जून २०२४ मध्ये कच्छमध्ये मुंद्र्याजवळ दोन थार समुद्रात रुतल्या, गुन्हा दाखल झाला. आणि आपल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर कोट्यवधींची फेरारी वाळूत बसली, ती शेवटी बैलगाडीनं ओढून काढली! त्या बैलांचा फोटो मी जपून ठेवलाय.

शिकायची हौस असेल तर शीक ना, मी पैसे देते. इगतपुरीजवळ महिंद्राची अकादमी आहे, तिथं खड्डे, चढ, पाणी, सगळं मापून केलेलं असतं आणि शेजारी शिकवणारा बसतो. गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची चित्रफीत नीट बघ. भर पावसात, गळ्यापर्यंत चिखलात खेळतात ती माणसं. पण प्रत्येक गाडीला विंच, लोखंडी पिंजरा, डोक्याला हेल्मेट, पायी चालणारा जोडीदार, आणि थांबवायला पंच. तुमच्या रविवारच्या मेळ्यात पंच कोण आहे?

खरं सांगू का, मला पाण्याची एवढी काळजी नाही. तू हुशार आहेस, पाणी ओळखायला शिकशील. मला काळजी आहे ती त्या 'दाब, दाब'ची. सहा गाड्या, त्यात चालवणारी बाई तू एकटी. पुढच्या पाच गेल्या की सहावी मागं वळवणं किती जड जातं, मला माहीत आहे. त्या दिवशी डंपरवाल्यानं जाता जाता माझ्याकडं बघून हसून हात केला होता. तो हसला नसता तर मी आणखी दोन मिनिटं थांबले असते. हे मी यांनाही सांगितलेलं नाही. एखाद्या पुरुषानं गाडी वळवली तर लोक म्हणतात, शहाणा आहे. तू वळवलीस तर म्हणतील, भ्याली. म्हणू देत. मी तेव्हा रिव्हर्स टाकला तो धाडसानं टाकला नाही गं, मागून तुझा भाचा 'आई, गाडी पोहतेय' म्हणाला म्हणून टाकला. खूश होऊन म्हणाला तो.

तेव्हा ग्रुपमध्ये निघायच्या आधीच, चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर सांगून टाक : पाणी वाहतं असलं तर मी अलीकडं थांबणार, कुणी बोलवायचं नाही. आधी सांगितलं की काठावर वाद घालायला लागत नाही. आणि बघ, तू म्हणालीस की अजून एक-दोघं हळूच तुझ्याजवळ येऊन उभे राहतील. त्यांच्याही घरी कुणीतरी असतंच.

शनिवारी संध्याकाळी येऊन जा. शेतावरून तुराट्यांची पेंढी मागवलीय, दोन गोणपाट धुऊन ठेवलेत, हातोडी यांनी नवी पेठेतून आणलीय. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देते, सहा जणांना पुरेल एवढी. डबा तेवढा परत आण, मागच्या वेळचा अजून तुझ्याच डिकीत आहे, चिखलानं भरलेला. व्हिडिओत दिसला मला.